नाचणाऱ्या मुलामुलींचे घोटे, गुडघे आणि नडग्या

फेब्रुवारी संपत आला की आपल्या वस्त्यांमध्ये संध्याकाळी स्पीकर सुरू होतात. १४ एप्रिलच्या कार्यक्रमासाठी नाच बसवायचे असतात. समाजमंदिरात, विहाराच्या हॉलमध्ये, जागाच नसेल तर कुणाच्या तरी गच्चीवर वीस-पंचवीस मुले-मुली तालमीला जमतात. काही मुली वर्षभर भरतनाट्यम किंवा कथकच्या क्लासला जातात, काही मुले मोबाइलवर पाहून हिप-हॉप शिकतात, कुणाला लावणीची मनापासून ओढ असते. आणि मार्च संपता संपता घरोघरी तक्रारी सुरू होतात. नडगी दुखते, गुडघ्यात कळ येते, घोटा मुरगळला, कंबर धरली. पालक दवाखान्यात नेतात, गोळ्या मिळतात आणि बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो, नाच बंद करा.

वाचकहो, हा सल्ला फार थोड्या मुलांना लागू पडतो. नाचताना होणाऱ्या बहुसंख्य दुखापती अपघाताने होत नाहीत, त्या हळूहळू साचत जातात. तयारी नसलेल्या शरीराकडून एकदम खूप काम करून घेतले की ते कुठेतरी कुरकुरते. म्हणून नाच थांबवण्यापेक्षा शरीर तयार करणे आणि काम बेताबेताने वाढवणे हा उपाय आहे. त्याला पैसा लागत नाही, शिस्त लागते.

घरातल्या वडीलधाऱ्यांशी या विषयावर बोलताना एक अडचण येते. घुंगराबद्दल आपल्याकडे जुना सल आहे. तमाशा आणि लावणी हे ज्या जातींच्या वाट्याला आले, त्यांच्या मुलींनी ते स्वखुशीने निवडले होते असे म्हणता येत नाही. आजी नाक मुरडते त्यामागे हा इतिहास आहे, तो समजून घ्यावा. पण आजची मुलगी स्वतःच्या निवडीने शिकते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देते, शास्त्रीय नृत्याच्या अशा परीक्षांचे सवलतीचे गुण दहावीला मिळतात. तिच्या शरीराची काळजी आपण कबड्डीपटूच्या किंवा धावपटूच्या शरीराइतकीच गंभीरपणे घ्यायला हवी.

कोणते दुखणे चांगले, कोणते वाईट

नवा व्यायाम किंवा नवा नाच सुरू केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात. हे दुखणे दोन्ही पायांत साधारण सारखे असते, बोट ठेवून जागा दाखवता येत नाही, हालचाल सुरू केली की कमी होते आणि तीन-चार दिवसांत आपोआप जाते. याला घाबरू नये.

दुसरे दुखणे वेगळे. ते एकाच पायात असते. 'इथे दुखते' म्हणून मूल एका बोटाने जागा दाखवते. नाच सुरू केल्यावर वाढते, पुढे पुढे नाच संपल्यावरही राहते, आणि शेवटी रात्री झोपेतही ठणकते. नडगीच्या हाडावर किंवा पायाच्या चवड्यावर असे एका बिंदूत दुखत असेल तर हाडाला बारीक चीर जात असल्याची शंका घ्यावी. ही चीर पडून, आदळून गेलेली नसते. तोच तोच ठोका हजारो वेळा बसल्याने जाते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत ती बहुधा दिसत नाही. त्यामुळे 'फोटो नॉर्मल आला, पोरगी नाटक करते' असे म्हणणे चूक आहे.

ही चीर तालमीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात का गाठते, ते समजून घेण्यासारखे आहे. हाड म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत असते. त्यावर नवा भार आला की शरीर त्याची डागडुजी काढते. आधी काही पेशी जुने, थकलेले हाड पोखरून काढतात, मग दुसऱ्या पेशी तिथे नवे हाड भरतात. पोखरण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत होते, भरण्याच्या कामाला मात्र काही महिने लागतात. म्हणजे नवी तालीम सुरू झाल्यावर सुमारे महिनाभराने हाड आधीपेक्षा थोडे कमजोर असते. नेमके त्याच वेळी कार्यक्रम तोंडावर आलेला असतो आणि एक तासाची तालीम तीन तासांची होते. घर दुरुस्तीला काढून भिंती उघड्या पडल्यात आणि त्याच आठवड्यात घरात लग्न उभे केले, असा हा प्रकार.

म्हणून ज्यांना एप्रिलमध्ये नाचायचे आहे त्यांनी जानेवारीच्या शेवटीच सुरुवात करावी. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-पाऊण तास पुरे. दर आठवड्याला थोडे वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करावे. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी. शेवटच्या चार दिवसांत नवीन स्टेप घालू नयेत आणि उड्या कमी कराव्यात. बसवणारे दादा-ताई यावर नाराज होतील, कारण आपल्याकडे शेवटच्या आठवड्यातच सगळे जागे होतात.

तालमीआधीची पंधरा मिनिटे

आपल्या बहुतेक तालमींत मुले येतात, गप्पा मारतात, गाणे लागते आणि थेट पहिल्या उडीने सुरुवात होते. थंड स्नायू ताणायला तयार नसतो, थंड सांधा वंगण न घातलेल्या बिजागरीसारखा असतो.

पहिली चार-पाच मिनिटे जागच्या जागी चालणे, हलके धावणे, गुडघे उचलणे, हात मोठे गोल फिरवणे. कपाळावर किंचित घाम आला पाहिजे. मग सांधे मोकळे करायचे. घोट्याने हवेत आकडे काढणे, भिंतीला धरून पाय पुढे-मागे झुलवणे, खुब्यातून गोल फिरवणे, कंबर हळू वळवणे. त्यानंतर दहा उठाबशा, चवड्यांवर पंधरा वेळा उचलणे, प्रत्येक पायावर अर्धा मिनिट तोल सांभाळणे आणि चार-पाच छोट्या, आवाज न करणाऱ्या उड्या. शेवटी नाचातल्याच हालचाली निम्म्या वेगाने. इतके झाले की गाणे लावा.

पाय पसरून, खाली वाकून मिनिटभर ताणून धरणे हे तालमीआधी करू नये. मिनिटभराहून जास्त ताणलेल्या स्नायूची ताकद काही वेळ थोडी घटते, आणि लगेच उडी मारायची असते. तो ताण तालीम संपल्यावर द्यावा. तेव्हा शरीर गरम असते आणि ताणाचा फायदाही होतो.

अशा तयारीचा उपयोग होतो का, हे खेळाडूंवर तपासून पाहिले आहे. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १,९०० फुटबॉल खेळणाऱ्या मुलींचा एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. काही क्लबांनी सरावाआधी वीस मिनिटे धावणे, ताकद, तोल आणि नीट उतरण्याचे व्यायाम करून घेतले, बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे सराव केला. व्यायाम करणाऱ्यांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या आणि अतिवापराने होणाऱ्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. फुटबॉल आणि लावणी यांत पुष्कळ फरक आहे, पण उडी मारून एका पायावर उतरणारा गुडघा दोन्हीकडे तोच असतो.

ताकद कुठे हवी

नाचणाऱ्या मुलांना लवचिकतेचे फार कौतुक. स्प्लिट बसला की टाळ्या पडतात, व्हिडिओ काढले जातात. दुखापत टाळायची तर लवचिकतेपेक्षा ताकद जास्त कामाला येते. ज्या मुलींचा अंगठा सहज मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो, कोपर आणि गुडघे उलटे वळतात, त्यांचे सांधे जन्मतःच सैल असतात. क्लासमध्ये त्यांना 'रबरासारखी आहे' म्हणून पुढे उभे केले जाते. त्यांना आणखी ताणण्याची मुळीच गरज नाही. सैल सांध्याला धरून ठेवायला मजबूत स्नायू लागतात, म्हणून ताकदीचे व्यायाम त्यांनी इतरांपेक्षा जास्त करावेत.

पोटरीपासून सुरुवात करू. भिंतीला बोटे टेकवून एका पायावर उभे राहावे, टाच पूर्ण वर उचलावी आणि सावकाश खाली आणावी. दोन-दोन सेकंद. निरोगी तरुण माणसाला एका पायावर असे पंचवीस वेळा जमावे, ही फिजिओथेरपीतली ढोबळ कसोटी आहे. वर्षभर कथक करणाऱ्या मुलीला बारा-पंधरालाच दम लागला तर तिची नडगी का दुखते याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते. आठवड्यातून तीन दिवस, जमेल तितक्या संख्येचे तीन हप्ते. दीड-दोन महिन्यांत फरक दिसतो.

मग खुबा आणि बसायचे स्नायू. गुडघेदुखीचे मूळ पुष्कळदा गुडघ्यात नसतेच. मुलगी उडी मारून उतरते तेव्हा तिचे गुडघे आत एकमेकांकडे झुकतात, कारण खुब्याच्या बाजूचे स्नायू त्यांना सरळ धरू शकत नाहीत. मोबाइल समोर ठेवून उडीचा व्हिडिओ सावकाश चालवून पाहा. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिली पाहिजे. आत जात असेल तर उताणे झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलण्याचा व्यायाम करावा. जमू लागले की तोच एका पायावर. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलणे हाही चांगला. आणि उतरताना गुडघे वाकवून, मांजरासारखे, आवाज न करता उतरायची सवय लावावी. धप्पकन आवाज आला म्हणजे तो धक्का कुठल्या तरी सांध्याने घेतला.

पोट आणि पाठीसाठी कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर शरीर फळीसारखे सरळ धरणे पुरेसे आहे. सुरुवातीला वीस सेकंद. कंबर खाली लोंबकळू लागली की थांबावे. त्यापुढचे सेकंद मोजून काही मिळत नाही.

भरतनाट्यम शिकणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. अरैमंडीत अर्धे बसताना पावले बाहेर वळलेली असतात. ते वळण खुब्यातून यायला हवे. प्रत्येकाच्या खुब्याच्या हाडाची ठेवण वेगळी असते, त्यामुळे सगळ्यांची पावले सारखी वळणार नाहीत. खुबा वळत नसताना पावले तेवढी जबरदस्तीने फिरवली तर पीळ गुडघ्याला आणि घोट्याला बसतो. कसोटी सोपी आहे. अरैमंडीत बसल्यावर गुडघा पावलाच्या दिशेने बाहेर गेला पाहिजे. पाऊल बाहेर आणि गुडघा पुढे असेल तर पाऊल थोडे आत घ्या, बैठक थोडी वर घ्या. खुबा मोकळा आणि मजबूत होईल तशी ती खाली येईल.

कथक आणि लावणीत घुंगरांचा प्रश्न येतो. एका पायाला शंभर-दीडशे घुंगरू बांधले की किती वजन होते, हे एकदा दुकानातल्या तराजूवर ठेवून पाहावे, पालक चकित होतील. पायाच्या अगदी टोकाला बांधलेले वजन पोटरी आणि नडगीला चढत्या भावाने जाणवते. नव्या मुलीने पंचवीस-तीस घुंगरांपासून सुरुवात करावी आणि तेही तालमीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत. आत मऊ सुती पट्टी असावी. घोट्याच्या हाडावर दोरी आवळून बसली, बोटांना मुंग्या आल्या, तर लगेच सैल करावी.

वाढत्या वयाची मुले

मुली साधारण ११ ते १३ आणि मुलगे १३ ते १५ या वयात झपाट्याने उंच होतात. हाडे आधी लांब होतात, स्नायू मागून येतात. या काळात मांडीचा स्नायू गुडघ्याखाली जिथे चिकटतो ती जागा ओढली जाते, तिथे दुखरा उंचवटा येतो. लहान मुलांत टाचेच्या मागे असेच दुखते. दोन्हींत घाबरण्यासारखे काही नसते. उड्या काही आठवडे कमी कराव्यात, बाकीचा नाच चालू ठेवावा. वाढ पूर्ण झाली की बहुधा हे दुखणे जाते.

या वयात एक गोष्ट मात्र कधीही होऊ देऊ नका. स्प्लिट बसवण्यासाठी सर किंवा मोठी मुले पाठीवर, खांद्यावर दाब देतात, क्वचित वर बसतातही. वाढत्या मुलांच्या हाडांची टोके अजून पक्की जुळलेली नसतात. आपण ज्या हाडावर बसतो त्याला मांडीच्या मागचे स्नायू चिकटलेले असतात. जोराच्या ताणाने तिथला हाडाचा तुकडाच स्नायूसह सुटू शकतो. 'कट्' असा आवाज येतो, मूल किंचाळते आणि पुढचे काही महिने जातात. ताण स्वतःच्या शरीराच्या वजनाने, श्वास सोडत, स्वतःच द्यायचा. दुसऱ्याचा हात नको.

जमीन आणि मंच

नाचाच्या शाळांत लाकडी जमीन असते आणि तिच्याखाली मुद्दाम पोकळी ठेवलेली असते, म्हणजे ती किंचित दबते. आपल्याकडे कोबा किंवा लादी. गावाकडचे सारवलेले अंगण त्या दृष्टीने सिमेंटच्या गच्चीपेक्षा बरे. जमीन बदलणे हातात नसेल तर उड्या बदला. कडक लादीवर उडी पूर्ण ताकदीने दोन-तीनदाच करावी, बाकीच्या वेळी तीच जागा हातांनी आणि मोजणीने दाखवून पुढे जावे. मोठे व्यावसायिक नर्तकही असेच करतात. जाड फोमची गादी टाकणे मात्र धोक्याचे, कारण गिरकी घेताना पाऊल तिच्यात रुततं आणि घोटा पिळतो. हिप-हॉप करणाऱ्यांनी तळ गुळगुळीत झालेले जुने कॅनव्हास बूट टाकून द्यावेत.

कार्यक्रमाच्या दिवशी मंचावर आधी एकदा चालून पाहावे. टेबले जोडून केलेले मंच, फळ्यांमधल्या फटी, वर आलेले खिळे, सुरकुतलेली सतरंजी आणि लाइटच्या वायरी यांनी जितके घोटे मुरगळतात तितके अवघड स्टेपने मुरगळत नाहीत. हे काम मंडळाच्या कार्यकर्त्यांचे आहे, मुलांचे नाही.

आणि एप्रिलचे ऊन. विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो. दुपारी तालीम ठेवू नये. मिरवणुकीत चार-पाच तास डांबरी रस्त्यावर लेझीम खेळणाऱ्या मुलांना दर वीस मिनिटांनी पाणी द्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरचे जलसंजीवनी द्रावण मिरवणुकीच्या गाडीवर कळशीभर असावे. मूल असंबद्ध बोलू लागले, चक्कर येऊन पडले तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच रुग्णालय गाठावे. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये.

ताटात काय आहे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. म्हणजे तालमीला आलेल्या दहा मुलींपैकी पाच-सहा जणींच्या रक्तात प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन कमी असण्याची शक्यता आहे. अशी मुलगी लवकर दमते, दमली की पाऊल नीट पडत नाही, आणि मग घोटा मुरगळतो. तिला आळशी ठरवण्याआधी रक्त तपासून घ्या. १२ वर्षांपुढच्या मुलींचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असू नये.

शाळेत आणि अंगणवाडीत १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी मिळते. ती पुष्कळजण दप्तरात ठेवून देतात. जेवणानंतर घ्यावी, शौचाला काळे झाले तर घाबरू नये. नुसता गूळ-शेंगदाणा खाऊन रक्त भरून निघते ही समजूत अपुरी आहे. कलेजी, मटण, सुकट, अंडी आणि त्याबरोबर डाळी, पालेभाज्या, नाचणी, वर लिंबू पिळलेले असावे. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, तो अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. तासभर थांबावे.

तालमीला उपाशी येणाऱ्या मुलींची संख्या मोठी आहे. शाळेतून परस्पर येतात, वाटेत कुरकुऱ्यांचे पाकीट खातात. दीड-दोन तास आधी भाजी-पोळी, आणि तालीम संपल्यावर उकडलेले अंडे, फुटाणे किंवा दूध-केळे इतके तरी हवे. घरी सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी वाढून घ्यायची सवय आपल्या मुलींना अजून आहे. मांडीला जोर कुठून येणार?

त्यात कुणी तरी 'जाड दिसतेस' म्हणते आणि मुलगी रात्रीचे जेवण सोडते. मेहनत जास्त आणि खाणे कमी असे महिनोन्महिने चालले की शरीर काटकसर सुरू करते. पाळी लांबते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होतात, दुखापती बऱ्या होईनात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन ती मुलांतही होते हे स्पष्ट केले. १५ वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, किंवा नियमित असलेली पाळी सलग तीन महिने चुकली असेल, तर 'नाचामुळे होते तसे' म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे. उलट पाळी चालू असताना नाचू नये या समजुतीला काही आधार नाही. त्रास होत नसेल तर खुशाल नाचावे.

सोसणे

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या, मंचामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर गेल्या. त्या बाईंच्या धैर्यापुढे मान झुकतेच. पण ही गोष्ट तालमीत सोळा वर्षांच्या पोरीला 'बघ, आणि तू घोट्याचे रडतेस' असे सुनावण्यासाठी वापरू नये. थांबण्याची सोय नव्हती म्हणून विठाबाई उभ्या राहिल्या. आपल्या मुलींना थांबण्याची सोय आहे.

कार्यक्रमाआधी दुखणे मारायची गोळी घेऊन किंवा स्प्रे मारून नाचणे हा याच सोसण्याचा नवा प्रकार. दुखणे हा शरीराचा निरोप आहे. तो दाबून उडी मारली की बारीक चिरेचे पूर्ण मोडलेले हाड होते.

घोटा मुरगळला तर

नाच थांबवावा. पाय उशीवर उंच ठेवावा, क्रेप बँडेज बोटांकडून वर पोटरीकडे गुंडाळावे, फार आवळू नये. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावला तर दुखणे कमी होते. पहिले दोन-तीन दिवस मालीश, गरम शेक, गरम लेप काहीही नको, सूज वाढते. 'विश्रांती आणि बर्फ' हा मंत्र १९७८ साली अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी रूढ केला होता. पुढे २०१४ साली त्यांनीच लिहिले की फार बर्फ आणि पूर्ण विश्रांती बरे होण्याला उशीर करतात. म्हणून दोन-तीन दिवसांनंतर दुखणे सहन होईल तसा घोटा हलवायला, पाय टेकायला सुरुवात करावी.

एक्स-रे काढावा की नाही यासाठी कॅनडातल्या ओटावा शहरातील डॉक्टरांनी १९९२ साली एक साधी कसोटी दिली, ती जगभर वापरतात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर हाडावर दाबून दुखते का? पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जे हाड वर आलेले असते तिथे, किंवा पावलाच्या आतल्या बाजूला घोट्याच्या थोडे पुढे, दाबून दुखते का? मुरगळल्यावर लगेच आणि दवाखान्यात, दोन्ही वेळा लंगडत का होईना चार पावले टाकता येत नाहीत का? यातले एकही 'हो' असेल तर एक्स-रे काढावा. गुडघ्यात 'कट्' आवाज होऊन दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला तर तिथे वाट पाहू नये, आतला अस्थिबंध तुटला असण्याची किंवा वाटी सरकली असण्याची शक्यता असते.

हाडवैद्याकडे जाणाऱ्यांना एवढेच सांगणे, एक्स-रेशिवाय ओढून बसवू देऊ नका आणि बांबूच्या पट्ट्या आवळून बांधू देऊ नका. पट्टी किंवा प्लास्टर बांधल्यावर बोटे निळी-पांढरी, गार पडली, बधिर झाली किंवा ठणका वाढतच गेला तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात जाऊन ते सैल करून घ्यावे. काही तासांचा उशीर पाय घालवू शकतो.

एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. सूज गेली म्हणजे बरे झाले असे नाही. दात घासताना एका पायावर उभे राहावे, जमले की डोळे मिटून. दीड-दोन महिने रोज. दुखऱ्या पायावर दहा वेळा लंगडी घालता आली, चवड्यावर दुसऱ्या पायाइतकेच उचलता आले आणि दुसऱ्या दिवशी सूज आली नाही, की उड्या पुन्हा सुरू कराव्यात.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, आणि जिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपीची सोय असते. तिथे जाताना मुलीला 'पाय दुखतो' एवढेच सांगायला लावू नका. कोणत्या स्टेपला, कोणत्या बाजूला, किती दिवसांपासून दुखते ते कागदावर लिहून न्या, आणि तीच स्टेप करतानाचा व्हिडिओ मोबाइलमध्ये घेऊन जा.